‘ये माय, बठ’ म्हटलं, आणि ती खरंच आली

खानदेशातल्या एका गावातून चार पानांचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिणाऱ्या बाई चौतीस वर्षांच्या आहेत आणि घरी कोरडवाहू कपाशी आहे. सासूबाईंचे स्वयंपाक करतानाचे छोटे व्हिडिओ त्या आधी टिकटॉकवर टाकायच्या. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, तेव्हा त्यांनी अहिराणीतून यूट्यूब चॅनेल सुरू केलं. आज त्याचे सव्वा लाख सबस्क्रायबर आहेत. पडद्यावर फक्त सासूबाई दिसतात, सगळे त्यांना ‘माय’ म्हणतात. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला माय कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, “ये माय, बठ. जेवनी का?” नऊ आठवड्यांपूर्वी मायला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळतं. आधी करून ठेवलेले अकरा व्हिडिओ फोनमध्ये होते. दर शुक्रवारी एक याप्रमाणे ते जात आहेत, आता दोन उरलेत. प्रेक्षकांना काही माहीत नाही. मागच्या महिन्यात सुरतेहून एक अनोळखी बाई ओटीचं सामान घेऊन थेट दारात आली. मायला खाटेवर पाहून रडली आणि मग फोटो काढायला फोन वर केला. सुनेने हात धरला, तशी ती दुखावून निघून गेली. दीर म्हणतो, आजारपणाचा व्हिडिओ कर, खाली क्यूआर कोड टाक. नवरा म्हणतो, एक शब्द बोलू नको. शिवाय एका मसालेवाल्या कंपनीकडून मायच्या दोन जाहिरातींचे पैसे आगाऊ घेऊन झाले आहेत. बाई विचारतात, “हे जिव्हाळ्याचं नातं खरं होतं, की मी इतकी वर्षं लोकांना फसवत होते? आता सांगू की लपवू?”

प्रिय ताई,

सुरतच्या बाईंपासून सुरुवात करते. पत्रात त्यांच्यावर तुम्ही एक अख्खं पान लिहिलंय आणि शेवटी “ते असो” म्हणून पुढे गेलात. मला मात्र तिथून पुढे जाता येईना.

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आपली किती माणसं आहेत हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच भाऊबंदकीतलं कुणीतरी तिकडे लूमवर नाहीतर साडीच्या मार्केटात असेल. दिवसभर हिंदी-गुजराती बोलायचं, पोरं शाळेतून गुजराती शिकून येणार, आणि रात्री जेवणानंतर फोनवर एक म्हातारी चुलीपुढे बसून म्हणते, “ये माय, बठ.” तेही एकवचनात. सव्वा लाख माणसांना ती ‘या, बसा’ म्हणत नाही. एकीलाच म्हणते, आणि ती एक म्हणजे आपणच, असं प्रत्येकीला वाटतं. आपल्याकडे ये, बस म्हटल्यावर माणूस येतो हो. पाच वर्षं दर शुक्रवारी बोलावणं गेलं, एक दिवस ती सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीत बसली आणि आली. पिशवीत खण-नारळ होता. लेक माहेरी आली, तुम्हाला दारात परकी बाई दिसली, आणि दोघींचंही बरोबर होतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. फसवलं का?

हे नातं कसं उभं राहतं ते तुम्ही स्वतःच पत्रात नीट लिहिलंय, कदाचित नकळत. फोन तुम्ही तिपाईवर लावत नाही, पाटावर ठेवता. त्यामुळे बघणारा मायच्या समोर मांडी घालून बसल्यासारखा दिसतो. मांडा हातावर वाढवताना फाटला तर तो भाग तुम्ही कापत नाही, उलट मायची “गया आते!” तशीच ठेवता. तुमचा चेहरा दिसत नाही, फक्त मागून आवाज येतो, “आत्या, मीठ कितलं टाकानं?” म्हणजे बघणारीच्या मनातला प्रश्न तुम्ही विचारता, आणि सुनेची जागा तिला मोकळी मिळते. शुक्रवार चुकत नाही. कमेंटवर लाल बदाम देता, जुन्या प्रेक्षकांची नावं मायकडून घेववता. कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी “औंदा तुमना घर कितला रोट?” असं विचारून शेकडो उत्तरं मिळवली होतीत. मी कुठल्या शहरी क्रिएटरला हे समजावायला गेले असते तर मला दोन तास लागले असते. तुम्ही ते पाटावर बसून शिकलात.

ही कारागिरी नवीन नाही. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मनोविकारशास्त्राच्या एका नियतकालिकात यावर निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा घराघरांत नुकता शिरत होता. निवेदक सरळ आपल्याकडे बघून गप्पा मारतो, सोबतच्या वादकांना घरच्या नावाने हाक मारतो, मध्येच खाली प्रेक्षकांत उतरतो, ठरल्या वेळी न चुकता येतो, आणि घरी बसलेल्याला वाटतं की हा आपला माणूस आहे. या नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ म्हटलं. मी त्याला एकतर्फी ओळख म्हणते. त्यांचं एक निरीक्षण तुमच्या कामाचं आहे. अशा नात्यातून प्रेक्षक कधीही उठून जाऊ शकतो, पण नात्याला वळण देणं त्याच्या हातात नसतं. ते पडद्यावरच्या माणसाच्या हातात असतं. सुरतच्या बाईंनी काय केलं? वळण दिलं. म्हणून तुम्ही घाबरलात.

तेव्हाच्या टीव्हीला उत्तर देता येत नव्हतं. आता कमेंट करता येते, बदाम मिळतो, लाइव्हमध्ये पैसे पाठवले की नाव वाचलं जातं. यूट्यूबने ही पैसे पाठवायची सोय 2017 मध्ये आणली आणि जगाला ती नवी वाटली. आमच्या गावच्या जत्रेत तमाशाच्या फडावर कुणीतरी दहाची नोट वर करायचा, आणि सोंगाड्या खेळ थांबवून त्याचं नाव गावासकट पुकारायचा. काका सांगायचे की एका वर्षी एकाने नुसतं नाव ऐकण्यासाठी बैलाच्या झुलीचे पैसे उधळले होते. दौलतजादा म्हणायचे त्याला. नाव घेतलं जाणं ही किती मोठी भूक आहे, हे फडाला यूट्यूबच्या आधीच माहीत होतं. फरक इतकाच की तमाशा पहाटे संपायचा आणि फड दुसऱ्या गावाला जायचा. तुमचा फड रोज रात्री तिच्या उशाशी उघडतो.

तर, कारागिरी म्हणजे फसवणूक नव्हे. कीर्तनकारालाही ठाऊक असतं की कुठे आवाज खाली आणायचा. माझ्या मते कसोटी ही, की कॅमेरा बंद झाल्यावर काय उरतं? तुम्हीच लिहिलंय, पोस्टमनपासून वायरमनपर्यंत दारात आलेल्या प्रत्येकाला माय “बठ” म्हणायची. फोन गावात यायच्या आधीपासून म्हणायची. मग ते खरंच होतं, तुम्ही फक्त ते दूरवर ऐकू जाईल असं केलंत. एवढ्यावरून स्वतःला लबाड म्हणू नका.

पण एका ठिकाणी मी तुमची बाजू घेणार नाही. जुने व्हिडिओ टाकत राहिलात, यात मला खोट दिसत नाही. घरात आभाळ कोसळलेलं असताना हातात तयार होतं ते माणूस पुढे करतं. खोट पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, तीही कंसात, जाता जाता लिहिलेली. एकीने विचारलं, माय बारीक झाल्यासारखी वाटते, बरी आहे ना? तुम्ही उत्तर दिलंत, “माय मजामा शे.” आणि बदाम दिलात. असं सहा-सातदा केलंत. ताई, तुमची फसवणूक एवढीच, तीन शब्दांची. पाच वर्षांचं काही खोटं नाही. पण या तीन शब्दांनी विचारणारीची काळजी स्वीकारली आणि बदल्यात तिला खोटं दिलं. सुरतच्या बाई त्या सहा-सातांपैकी एक असतील का, असं वाचताना सारखं वाटत होतं. मजेत आहे म्हणून ऐकून आल्या असतील आणि खाट दिसली असेल, तर त्यांचं ते रडणं मला वेगळं ऐकू येतं.

म्हणजे मी आता ‘सांगून टाका’ म्हणणार, असं तुम्हाला वाटत असेल. जरा थांबा.

चार पानांत नवरा काय म्हणतो ते आहे. दीर काय म्हणतो ते आहे. कंपनीचा माणूस, शेजारीण, तुमची आई, सगळ्यांची मतं आहेत. मायला काय वाटतं हे मात्र कुठेही नाही. मी पत्र दोनदा चाळलं, हुकलं असेल म्हणून. सांगू की लपवू, असा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारताय, जणू आजारपण तुमच्या मालकीचं आहे. चॅनेल तुमचं असेल, पासवर्ड तुमचा असेल. लकवा मायचा आहे.

तुम्ही लिहिता, “त्यांना आता बोलता येत नाही, विचारणार कसं?” बोलता न येणं वेगळं आणि समजत नसणं वेगळं. पक्षाघातानंतर कधी नुसते तोंडाचे स्नायू लुळे पडतात. शब्द डोक्यात तयार असतात, जिभेवर वळत नाहीत. कधी मेंदूतला भाषेचा भागच दुखावतो, मग शब्द सापडत नाहीत किंवा दुसऱ्याचं बोलणं नीट कळत नाही. मायचं यातलं काय आहे हे तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. तालुक्याला नसेल तर जळगावला किंवा धुळ्याला वाचा-उपचार करणारं कुणी मिळतं का तेही विचारा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, त्यातले दोन तर गेले. या दिवसांतला तुमचा वेळ व्यायामाचा आणि बोलायला शिकवण्याचा आहे. एडिटिंग नंतर.

आणि समजत असेल, तर विचारा. सकाळी, चहा झाल्यावर, दीर घरात नसताना. एका वेळी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेल. “हो असेल तर डाव्या हाताने माझं बोट दाबा,” एवढं सांगा. “तुमची तब्येत बिघडली हे सांगू?” “तुमचा आवाज ऐकवू?” “चेहरा दाखवू?” हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, एकात कोंबू नका. पहिल्याला हो मिळाली म्हणजे तिसऱ्याची हो धरायची नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारा, उत्तर बदललं तर बदललेलं उत्तर खरं. आणि मायला नीट समजत नसेल, किंवा उत्तर धड कळत नसेल, तर उत्तर ‘नाही’ असंच धरा. जी बाई स्वतः डोक्यावरचा पदर नीट करून मगच कॅमेऱ्याकडे बघायची (हेही तुम्हीच लिहिलंय), तिचा तोंड वाकडं झालेला चेहरा तिच्या मर्जीवाचून सव्वा लाख घरांत गेला, तर तो पदर आपणच ओढल्यासारखं होईल.

दिरांच्या सूचनेबद्दल जास्त बोलत नाही. आजारी माणसाचा चेहरा, त्यावर मोठ्या अक्षरात “माय ले काय व्हयनं?” आणि खाली क्यूआर कोड, हे चालतं हे त्यांना ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. व्ह्यूज येतील. पैसेही येतील. पण त्या दिवसानंतर मायची ओळख ‘मांडे करणारी’ न राहता ‘ती आजारी म्हातारी’ होईल, आणि ती परत पुसता येणार नाही. खर्चाची अडचण खरी असेल तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. तरीही कमी पडलंच आणि लोकांकडे हात पसरावा लागला, तर तो व्हिडिओ वेगळा असावा. रक्कम सांगावी, आली की थांबावं, आणि कुठे खर्च झाली ते नंतर सांगावं. जिव्हाळ्याच्या व्हिडिओत गुपचूप कटोरा ठेवू नये.

नवऱ्याचं “एक शब्द बोलू नको” मला जास्त समजतं. घरची गोष्ट चव्हाट्यावर नको, ही आपल्याकडची जुनी राखण आहे आणि ती वाईट नाही. पण चूल, ओसरी, मायची चिडचिड, पोराच्या जावळाचा कार्यक्रम, हे सगळं पाच वर्षं चव्हाट्यावर होतं आणि त्यातून घराला रंग लागला. आता दार लावता येईल, पण लावतोय एवढं तरी सांगावं लागेल.

मायने तब्येतीचं सांगायला होकार दिला आणि चेहरा दाखवायला नाही म्हटलं, असं धरून पुढचं लिहिते. व्हिडिओ छोटा करा, दोन-अडीच मिनिटांचा. त्यात फक्त तुम्ही असाल. पहिल्यांदा तुमचा चेहरा दिसेल, याची तयारी ठेवा. चुलीपुढे बसू नका, ती जागा मायची आहे. ओसरीत बसा. पाठीमागे वाद्य नको. बोलण्याचा मजकूर साधारण असा: ‘मी मायची सून. मागून जो आवाज येतो तो माझा. नऊ आठवड्यांपूर्वी मायला लकवा झाला. उपचार चालू आहेत. मधले शुक्रवारचे व्हिडिओ आधी केलेले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा माय मजेत आहे असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं, माझी हिंमत झाली नाही. माय तुम्हाला दिसणार नाही, तिची तशी इच्छा आहे. कृपा करून घरी येऊ नका, तिला विश्रांती हवी आहे. पुढे काय करायचं ते ठरलं की मी सांगेन.’ हे तुम्ही अहिराणीत करून घ्या. मी पडले रावेरकडची, माझी बोली लेवा. मी अहिराणी लिहायला गेले तर तुमचे प्रेक्षक मलाच दुरुस्त करतील.

उरलेले दोन व्हिडिओ फेकू नका. टाका, पण सुरुवातीला कधी केलेले आहेत ते लिहून टाका. कदाचित तेच लोकांना सगळ्यात जास्त आवडतील.

त्यानंतर कमेंटचा पूर येईल. त्यातल्या काही वाईट असतील, “सुनेने हाल केले” हे कुणीतरी लिहिणारच. आपल्याकडे सून म्हटली की न्यायनिवाडा आधीच झालेला असतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये कमेंट आधी तपासून मग दाखवायची सोय आहे, ठरावीक शब्द अडवायचीही आहे. महिनाभर ती चालू ठेवा. प्रत्येकीला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. दिलेलं उत्तर खरं असावं, एवढंच बंधन आहे. लाडक्या मालिकेतलं पात्र गेल्यावर प्रेक्षकांना काय वाटतं यावर अभ्यास झाले आहेत. जे आढळलं ते खऱ्या ताटातुटीच्या जातीचंच दुःख होतं, फक्त सौम्य. तुमच्या प्रेक्षकांचंही तसंच होईल. ते रडतील, सावरतील, काहीजणी दुसऱ्या कुणाच्या चुलीपुढे जाऊन बसतील. त्याचा राग धरू नका.

मसालेवाल्या कंपनीला मात्र हा व्हिडिओ यायच्या आधी कळवा, फोनवर नको, लेखी. मायचं जुनं चित्रण जोडून जाहिरात पुरी करा, असं ते सुचवतील. नाही म्हणा आणि आगाऊ रक्कम परत करा, हप्त्याने का होईना. जिचा हात आज ताट धरू शकत नाही, तिच्याच हाताने पुडा फोडून दाखवणं मला तरी सहन होणार नाही. ओघात एक गोष्ट, इतर व्हिडिओवाल्यांसाठीही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सोशल मीडियावरच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्या. पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते सांगायचं, आणि जाहिरात ज्या भाषेत आहे त्याच भाषेत सांगायचं. व्हिडिओत असेल तर व्हिडिओमध्येच, खालच्या बारीक अक्षरांत लपवून चालत नाही. म्हणजे माय अहिराणीत मसाल्याचं कौतुक करणार आणि खाली इंग्रजीत एक शब्द, हे बसत नाही. तुम्ही आधीच्या तीन जाहिरातींत तेच केलं होतं. मी जाऊन बघितलं. जिथे जिव्हाळा आहे तिथे विकणं सोपं जातं, म्हणून तिथे जास्त स्पष्ट बोलावं लागतं.

दुसरी अडचण घराची. सुरतच्या बाईंना घर सापडलं कसं, असं तुम्ही विचारता. मला अर्ध्या तासात गावाचं नाव कळलं आणि मी काही हेर नाही. एका व्हिडिओत देवळाच्या कमानीवर गावाचं नाव आहे, दुसऱ्यात दुकानाची पाटी, तिसऱ्यात मोटारसायकलचा नंबर, आणि एकात तुमच्या मुलाच्या शाळेचा गणवेश बिल्ल्यासकट. यावेळी खण-नारळ घेऊन आली. पुढचं कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही. जुन्या व्हिडिओतले असे तुकडे धूसर करा किंवा कापा. मुलाचे सगळ्यात आधी. भेटी घ्यायच्याच असतील तर वर्षातून एकदा, घराबाहेर, चार माणसांत. जत्रा आहे, देऊळ आहे. ओसरी घरच्यांना राहू द्या.

आणि तुम्ही स्वतः. पत्रात एक वाक्य खोडलेलं आहे, पण वाचता येतं: “मायशिवाय मला कोण बघणार?” याचं उत्तर मी गोड करून देणार नाही. बरेच लोक बघणार नाहीत. आकडा उतरेल. पण खापरावरचा मांडा तुम्हालाही येतो, कळण्याच्या पुऱ्या तुम्ही करता, आणि लाकडी बडगीत भरीत ठेचायला वर्षभर तुम्हीच बसत होतात, माय नुसती बोलायची. तो मागून येणारा “आत्या, मीठ कितलं?” लोकांनी पाच वर्षं ऐकलाय. उद्या तोच आवाज समोर बसून स्वतःच्या अंदाजाने मीठ टाकायला लागला, तर ते वेगळं चॅनेल होईल. लहान असेल. चालेल की नाही, माहीत नाही. फक्त मायची नक्कल करू नका. “ये माय, बठ” तिचं आहे. तुमच्या तोंडी दुसरं काहीतरी येईल, आलं तर. आणि सहा महिने काहीच करावंसं वाटलं नाही तर तेही करा. कपाशीला तुमची गरज आहे, खाटेलाही आहे. शुक्रवार चुकला म्हणून चॅनेल मरत नाही. मेलं तर मेलं.

हे सदर वाचणाऱ्यांत सुरतच्या बाईंसारख्या पुष्कळजणी असणार, चिंचवड-भोसरीला असतील, नाशिकला असतील. तुम्हालाही दोन शब्द. कुणाच्या व्हिडिओत जीव गुंतला म्हणून लाजू नका. ज्या घरात दिवसभर आपल्या बोलीतला एक शब्द कानावर पडत नाही, तिथे तो फोनमधून आला तरी गोडच लागणार. पण ती तुम्हाला ओळखत नाही, हे अधूनमधून स्वतःशी मोठ्याने म्हणत जा. न कळवता दारात जाऊ नका, आजाऱ्यावर कॅमेरा धरू नका. पैसे पाठवावेसे वाटले तर रात्री अकरानंतर पाठवू नका, सकाळी उठून तेवढेच पाठवावेसे वाटतात का बघा. आणि उत्तर आलं नाही तर तो अपमान समजू नका. तिकडे भाजी करपलेली असते.

ताई, शेवटचं. तुम्ही लिहिलंय की सुरतच्या बाई ओटीची पिशवी ओट्यावरच ठेवून गेल्या, आणि आत खणाच्या घडीत फोन नंबरची चिठ्ठी निघाली. अजून फोन केलेला नाही. व्हिडिओ टाकायच्या आधी तो फोन करा. त्यांनी आधीच पाहिलंय, त्यांना पडद्यावरून कळवू नका. हात धरला ते का धरला ते सांगा, फोटोचं पुन्हा नाही म्हणा, आणि जेवून न पाठवल्याबद्दल माफी मागा. आपल्याकडे तेवढं मागावं लागतं. फोन मायच्या खाटेजवळ बसून लावा. स्पीकरवर टाकायचा की नाही, ते तिला विचारून.